पिठावरचं पाऊल

१

बाबांची फाईल नाहीशी झाली आहे, हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं.

वाल्मिककाका चपला काढून दारातच उभे राहिले. ते आमच्या निवारा सोसायटीचे खजिनदार, बाबा सचिव. बाबांच्या दुखवट्याच्या घरात त्यांनी नजर पंख्याकडे ठेवली. मग म्हणाले, "रुपा, राग मानू नको. पण बुधवारी ठाण्याला तारीख हाय. दादांची फाईल लागंल."

मी आतल्या खोलीत जाऊन लोखंडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात बाबांचे जुने पगाराचे कागद होते, आईचा फोटो होता, विजेची बिलं होती. त्यांच्या शेजारी, धुळीत, फाईलच्या मापाचा एक स्वच्छ चौकोन होता.

निवारा ही वाशिंदमधली तीन मजल्यांची इमारत, सोळा घरांची. कोंडू भेरे यांनी ब्याण्णव साली आपल्या शेताचा तुकडा पैसे आणि वाट्याची घरं घेऊन बिल्डरला दिला. बिल्डरने घरं विकली, पूर्ण पैसे घेतले आणि जमीन सोसायटीच्या नावावर न करताच गाव सोडलं. कोंडूबाबाही वारले. त्यांचा मुलगा कमळाकर तेव्हापासून एकच वाक्य बोलायचा, "भिंती तुमच्या, माती माझी." गच्ची गळत होती, खांबांतले गज उघडे पडले होते. नव्याने बांधायला परवानगी नाही, कारण जमीन आमची नाही. विकायला काढलं तर गिऱ्हाईक जमिनीचा कागद विचारून जिना उतरायचं. सोळा कुटुंबं स्वतःच्याच घरांत अडकून पडली होती.

मग दोन हजार आठ साली कायदा बदलला. मालक सही देत नसेल, तर घरं घेणाऱ्यांनी सोसायटी म्हणून एकत्र अर्ज करायचा आणि उपनिबंधकांनी सुनावणी घेऊन जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची. मानीव अभिहस्तांतरण. हा शब्द बाबा शाळेतल्या मुलासारखा पाठ म्हणायचे. कागद गोळा करायला त्यांना सव्वा वर्ष लागलं.

"दोन वेळा तारीख वाढवून घेतली," वाल्मिककाका म्हणाले. "साहेबांनी लिहूनच दिलंय, बुधवारी अस्सल कागद दाखवले नाय तर अर्ज निकाली. पुन्यांदा कोण करणार गो हे सगळं? दादा तर गेले."

बुधवार म्हणजे दहावा. मला नदीवर जायचं होतं.

"कामवाली होती ना त्या दिवशी घरात?" त्यांनी आवाज खाली आणला. "रखमी. डोळखांबची. कमळाकरनं शंभराची नोट दाखवली असंल. चौकीत नेली की बोलंल."

"काका, मंगळवारपर्यंत थांबा."

"आनि मंगळवारी काय होनार?"



२

मी मुरबाडला राहते, तिथल्या शाळेत मराठी शिकवते. सोमवारी सकाळी दुसऱ्या तासाला फोन आला. मी पोहोचले तेव्हा बाबांना आतल्या खोलीतच निजवलेलं होतं. ते कपाटापाशी उभे असतानाच कोसळले होते आणि कपाट तसंच सताड उघडं होतं. ते मी बंद केलं. हिरवी फाईल तेव्हा आत होती. तिच्या पाठीवर बाबांच्या टपोऱ्या अक्षरातलं 'निवारा' मी वाचलं होतं. त्या क्षणी त्या घरातली दुसरी कुठलीच गोष्ट मला बघवत नव्हती, म्हणून ते नीट लक्षात राहिलं.

मी एकुलती एक. चुलतभाऊ संदेश पुढे झाला होता, पण अग्नी मी दिला. त्यावर कुजबूज झाली ती झाली. परत आल्यापासून मी आतल्या खोलीत, दिव्याजवळ, कपाटाला जवळजवळ टेकूनच चटई टाकून होते. सुतकात बाहेर कुठे जायचं नव्हतं. राख सावडायला गेले तेवढा वेळ दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला.

म्हणजे फाईल गेली ती सोमवारी दुपारी, मी स्मशानात असताना. त्या दोन तासांत इमारतीतले सगळे पुरुष माझ्याबरोबर नदीवर होते. कमळाकरसुद्धा होता. लाकडं रचताना त्याने हातभार लावला होता.

घरी बायका होत्या.

परत आलो तेव्हाची एक गोष्ट इथे सांगायला हवी. आमच्याकडे माणूस जिथे निजवलेला असतो तिथे, त्याला नेल्यावर, तांदळाचं पीठ पसरतात. बाजूला दिवा लावतात. पिठावर टोपली पालथी घालतात. स्मशानातून आल्यावर टोपली उचलून बघतात. पिठावर ज्याचं पाऊल उमटलं असेल, त्याच्या जन्माला तो जीव गेला असं मानतात.

समोरच्या हिराबाईंनी टोपली उचलली. पंचाहत्तरीच्या, हात सतत थरथरणारे. "पाखरू!" त्या म्हणाल्या. "पाखरू झाला गो तुझा बाप! सुटला."

मी वाकून बघितलं. तीन बोटं पुढे, एक मागे. कपाटाच्या पायाशी पसरलेल्या पिठावर ते पाऊल दिव्याच्या उजेडात उठून दिसत होतं. प्रत्येक रेघेच्या कडेला केसाएवढी सावली पडली होती. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी मी त्याच्याकडे खूप वेळ बघत बसले.

३

दुखवट्याच्या घराचं एक असतं. आपल्याला कुणाकडे जाता येत नाही, पण सगळे आपल्याकडे येतात. मला फक्त विचारायचं होतं.

हिराबाई पिठलंभात घेऊन आल्या. मागोमाग त्यांची कोंबडीही जिना चढून आली.

"हिला कशाला आणता?"

"मी कुटं आणते? तीच मला आणते." त्या भिंतीला टेकून बसल्या. "तुमी गेल्यावर ना? दहा-बारा बाया होत्या. सगळ्या भायेर बसलेल्या. आत मी गेलेली, पीठ कुटं टाकायचं ते दाखवाया. पीठ रखमीनं चाळलं, तिनंच पसरलं. माझ्या हातानं सांडलं असतं सगळं. मंग देवकी गेली दिव्यात तेल घालाया. बाकी कोण नाय."

"देवकीताई किती वेळ होत्या आत?"

"मी काय घड्याळ लावून बसलेली? रडत असंल बिचारी. दादांनी पोरीसारखी वागवली तिला."

देवकी तळमजल्यावरची. कोंडू भेऱ्यांची मुलगी, कमळाकरची बहीण. लग्नानंतर बापानेच तिला आपल्या वाट्यातलं एक घर दिलं होतं. तिच्या मागच्या दारातून निघालेली पायवाट भेऱ्यांच्या शेतातून सरळ माहेरच्या ओट्यापर्यंत जायची. बाबा गेल्यापासून ती रोज सकाळी येऊन आमचा उंबरा पुसत होती. आमच्या घरी सुतक म्हणून तिने स्वतःच्या दारातली रांगोळीही बंद ठेवली होती.

रखमीला मी भांडी घासताना विचारलं. तिला सगळं आधीच कळलं होतं.

"मला चौकीत नेनार, होय ना?" तिने मान वर केली नाही. "न्या. मला वाचता येत नाय, मी फाईल नेऊन काय करू? चूल पेटवू?"

"मी नाही म्हणाले तसं. त्या दिवशी पीठ तूच पसरलंस ना?"

"चाळ बोलल्या, चाळलं. पसर बोलल्या, पसरलं. मला तं वाटलं भाकऱ्या करायच्या हात. आमच्या पाड्यात नाय असलं काय. मंग मी खाली नळावर गेली कपडे धुवाया, ती तुमी आल्यावरच वर आली. विचारा कुनाला पन." भांडं पालथं घालून तिने पदराला हात पुसले. "तो जमिनीवाला येऊन गेला ना काल? बहिणीच्या दारावरनं गेला, आन् थांबला पन नाय. एरवी च्या पिल्याबिगर हलत नाय."

ते खरं होतं. कमळाकर आदल्या दिवशी आला होता. बराच वेळ बसला. बाबा कसे भले होते, त्यांच्या वेळची माणसं आता राहिली नाहीत, मी नोकरी सांभाळून हे घर कसं सांभाळणार, असं सगळं बोलला. "काय लागलं तर सांग. मी काय परका नाय," म्हणाला.

तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं. पाच दिवसांनी ज्याच्या हातून जमीन जाणार होती, त्याने त्या तारखेचा एक शब्दही काढला नव्हता.

त्याला काळजी उरली नव्हती.

४

रविवारी गिरणीतून पिठाची पिशवी आली. ती ओतताना मूठभर पीठ स्वयंपाकघराच्या फरशीवर सांडलं. मी केरसुणी आणायला वळले तेवढ्यात हिराबाईंची कोंबडी त्यावरून चालत गेली.

मी केरसुणी हातात धरून उभी राहिले.

पिठावर चार पावलं होती. तीन बोटं पुढे, एक मागे. पण ती खोल होती. वजनाने पीठ दाबलं गेलं होतं, रेघांच्या जागी चऱ्या पडल्या होत्या.

बाबांच्या पिठावरचं पाऊल खोल नव्हतं, वर आलेलं होतं. दिव्याच्या उजेडात रेघांची सावली बाहेर पडली होती, ती म्हणूनच. कुणीतरी चिमटीत पीठ घेऊन ते पाऊल रेखलं होतं.

मी खाली बसले आणि पहिल्यापासून विचार केला.

कपाटाचं दार बाहेर उघडतं. खालची कड फरशीला जवळजवळ घासते. पीठ त्याच्या पायाशीच होतं. फाईल काढायची तर टोपली उचलावी लागणार, आणि दार फिरलं की पसरलेलं पीठ पुसलं जाणार. फाईल काढणाऱ्या बाईने ते हाताने पुन्हा सारखं केलं. एवढ्यावर ती थांबली असती तर मला कधीच काही कळलं नसतं. पण ती थांबली नाही. पिठावर काहीतरी दिसलं पाहिजे असं तिला वाटलं.

रखमीला पीठ कशासाठी ते ठाऊकच नव्हतं. हिराबाईंना ठाऊक होतं, पण त्यांच्या हातून एक सरळ रेघ निघाली नसती.

उरली ती एकच. आणि पाऊल काढायचं म्हटल्यावर दुसरं कुणीही बोट टेकवून काढलं असतं. घाईत, रडत असताना, रोजच्या रांगोळीच्या सवयीने चिमटीतून रेघ सोडणारा हात या इमारतीत एकाच बाईचा होता.

हे कळून मला आनंद झाला नाही. उंबरा पुसायला कुणीतरी येतं, या एकाच गोष्टीच्या आधाराने मी ते दिवस काढत होते.

५

सोमवारी सकाळी देवकी आली. फडकं पिळून तिने उंबऱ्यावर वाळत टाकलं. मी तिला आत बोलावलं.

"देवकीताई, ते पाऊल तुम्ही काढलंत."

ती जिथे होती तिथेच बसली. तिने नाकारलं नाही. 

"काय उमटलंच नव्हतं गो," ती म्हणाली. "दार फिरलं न् पीठ पुसलं. मला वाटलं, तू येशील, टोपली उचलशील, आन् खाली काय नाय दिसायचं. आधीच पोर एकटी. निदान पाखरू दिसूं दे."

मी विचारलं, "फाईल कुठे आहे?"

"तांदळाच्या पिंपात."

"भावाला दिली नाहीत?"

"नाय झालं. नेते नेते म्हनून रोज पिंपाचं झाकन उघडते न् लावते." तिने पदर तोंडाशी नेला. "भाऊबीजेला ओवाळलं तं तो बोलला, यंदा ओवाळणी मी नाय देनार, तू दे. दादांच्या घरातली फाईल आन. नाय आनलीस तर हा ओटा तुला बंद. तुला म्हायेर नाय. जमीन सोसायटीला गेली की बापाचं नाव पुसलं, बोलला. मी काय करू? तो भाऊ. आन् दादा हे असे."

"फाईल उघडून बघितलीत?"

"तो बोलला, उघडू नको."

"तो असं का म्हणाला असेल?"

  प्रश्न खरा होता. बुधवार उलटेपर्यंत फाईल दडवायला सांगणं मी समजू शकत होते. चौथीपर्यंत शिकलेल्या बहिणीने ती उघडू नये, ही तंबी कशासाठी?

ती खाली जाऊन फाईल घेऊन आली. कागदांच्या खाचांत तांदळाचे दाणे अडकले होते. सोळा करारनामे, सभेचा ठराव, बिल्डरला पाठवलेली परत आलेली पत्रं. आणि अगदी मागे चालू वर्षाचा सातबारा. मालकाच्या रकान्यात दोन नावं होती. दुसऱ्या नावाखाली बाबांनी पेन्सिलीने रेघ मारली होती.

मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिने बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. कमळाकर कोंडू भेरे. मग दुसरं. ते वाचताना तिचं बोट थांबलं.

"दे-व-की... हे माझं नाव हाय."

"हो."

"मी सोडलेलं. त्यानं सही घेतली होती. बाप गेला त्या वर्षी, स्टॅंपावर."

"हक्क सोडल्याचा कागद सरकारदरबारी नोंदवावा लागतो. त्याने खर्च वाचवला असेल, नोंदवला नाही. तुमचं नाव कधी निघालंच नाही."

मग बाकीचं आम्हाला दोघींना एकदमच कळत गेलं. उपनिबंधकांची नोटीस मालक म्हणून दोघांना निघाली होती. पोचपावत्याही फाईलमध्ये होत्या. देवकीच्या पावतीवर सही होती.

"ही माझी नाय," ती म्हणाली. "मला नोटीस आलीच नाय."

नोटिशीला कमळाकरने दिलेल्या लेखी उत्तराचं पहिलं वाक्य होतं, 'आम्हा सर्व मालकांची हरकत आहे.'

देवकी तो कागद मांडीवर घेऊन बसून राहिली. राहते त्या घरातून ती आमच्याबरोबर जमीन मागत होती, आणि त्याच जमिनीची मालकीण म्हणून तिच्या नावाने दुसऱ्याने नाही म्हटलं होतं. मध्ये ती कुठेच नव्हती.

"फाईल वाल्मिककाका घेऊन जातील," मी म्हणाले. "कपाटामागे पडली होती असं मी सांगेन. तुम्ही यायची गरज नाही."

"फाईल ठाण्याला दिसली की त्याला कळनारच, मी दिली नाय ती."

"हो."

"मंग म्हायेर गेलंच."

 तिला जा म्हणायचा मला हक्क नव्हता, आणि नको म्हणण्याएवढी मी निःस्वार्थी नव्हते.

"मला नीट वाचून दाखव," ती म्हणाली. "पयल्यापासनं. समदं."

दुपारपर्यंत आम्ही वाचत बसलो.

६

बुधवारी मी भातसा नदीच्या काठावर होते. विधी चालू असताना मी गुरुजींचं बोलणं ऐकत होते आणि मनात ठाण्याच्या त्या खोलीत बसले होते. घरी परतले तर वाल्मिककाका जिन्यातच भेटले. त्यांना दम धरवत नव्हता.

"साहेबांनी पयलंच विचारलं, मालक सगळे हजर? कमळाकर बोलला, मी एकटाच. आनि मागनं ही बाई उठली! मी घाबरलो ना, म्हटलं आता ही काय करते. बोलली, 'साहेब, मी देवकी. कोंडू भेऱ्याची पोर. कागदावर माझं पण नाव हाय. मला नोटीस मिळाली नाय, ती सही माझी नाय, आन् माझी हरकतपण नाय. माझ्या बापानं पैसे घेतलेले हात.' कमळाकर तर लालच झाला. बोलला, हिनं हक्क सोडलाय. साहेब बोलले, दाखवा नोंदलेला कागद. काय दाखवनार, कप्पाळ?"

"आणि देवकीताई?"

"ती येताना एक शब्द नाय बोलली."

मग वाल्मिककाका खाली रखमीकडे गेले. काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. पण जिन्यावरून तिचा आवाज वर आला, "आता या गोड बोलाया! परवा चौकीत नेत होता ना मला?"

निकाल मार्चमध्ये लागला. निवाराची जमीन सोसायटीच्या नावावर करून देण्याचा आदेश झाला. बाबांचं नाव त्यात अर्जदार संस्थेचे तत्कालीन सचिव म्हणून एकदा आलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि कागद वाल्मिककाकांकडे परत दिला.

एप्रिलमध्ये मोजणीदार आला आणि त्याने हद्दीचे दगड बसवले. देवकीच्या मागच्या दारातली पायवाट दगडांच्या पलीकडे गेली. दुसऱ्याच दिवशी कमळाकरने माणसं आणून दगडांना लागून खांब रोवले आणि काटेरी तार ओढली. मी तेव्हा सुट्टीत आले होते. देवकी मागच्या दारात उभी होती. पलीकडे तिचा भाऊ, मध्ये पाच पावलांचं अंतर.

"फाटक ठेव," ती म्हणाली.

तो तार ताणत राहिला.

"त्या शेतातपण माझं नाव हाय, कमळ्या. मी वाटा नाय मागत. फाटक ठेव बोलते."

त्याने खिळा ठोकला, माणसांना पुढचा खांब दाखवला आणि शेतात निघून गेला. फाटक ठेवलं नाही. ती संध्याकाळपर्यंत दारातून हलली नाही. मी चहा नेऊन दिला, तो तिने घेतला.

आता मी महिन्यातून एकदा येते. घर माझ्या नावावर झालं आहे. हवं तर विकता येईल, गिऱ्हाईकही येऊन बघून जातं. मी अजून काही ठरवलेलं नाही.

देवकी रोज सकाळी धुणं धुते आणि भावाच्या तारेवर वाळत घालते. साड्या, परकर, तिच्या नवऱ्याचे, जगनचे, कामावरचे कपडे, खांबापासून खांबापर्यंत. काट्यांनी कधीकधी काही फाटतं, ते ती शिवते. कमळाकर समोरून बैल घेऊन जातो, बघतो. ते कपडे काढ, असं त्याने अजून एकदाही म्हटलेलं नाही.